तिथं आहे, की तू केलंस?

संक्रांतीनंतरच्या रविवारी इंदूरच्या रामबागेत मावशीकडे तिळगूळ द्यायला गेले, तेव्हा पिशवीत एक फोटोही होता. बारा बाय अठराची प्रिंट, मॅट कागदावर. मृग नक्षत्र आणि त्याला डावीकडून कवेत घेणारी एक लालसर कमान. घरातल्या सगळ्यांनी तो हातोहात पाहिला, 'वा' म्हणाले, कुणीतरी 'नासाचा आहे का' असंही विचारलं. तेवढ्यात गरम गराडूचं, म्हणजे तळलेल्या कंदाचं, ताट आलं, वर जिरवण मसाला भुरभुरलेला, आणि फोटो सोफ्याच्या हातावर पडून राहिला. मावशीनं मात्र पदरानं चष्मा पुसला, फोटो उचलून खिडकीपाशी नेला आणि आधी तो आडवा केला. "उगवताना मृग असा असतो, कुशीवर," असं स्वतःशीच म्हणाली. मग कागदाला न लावता बोट त्या कमानीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि मला विचारलं, "हे तिथं आहे, की तू केलंस?"

"तिथंच आहे गं मावशी," मी म्हटलं.

उत्तर इतक्या झटक्यात दिलं की घरी येताना तेच सलत राहिलं. मावशी पंच्याऐंशीच्या पुढची आहे. तिचं लहानपण मल्हारगंजातल्या वाड्याच्या गच्चीवर गाद्या घालून झोपण्यात गेलं, त्यामुळे मृग कसा उगवतो हे तिला कुणी शिकवायची गरज नाही. आपल्यातल्या बहुतेकांना मृग ठाऊक असतो तो पावसाचा. जूनमध्ये 'मृग लागला' म्हणतो तेव्हा सूर्यच त्याच्या आसपास असतो आणि ते नक्षत्र दिवसाच्या उजेडात बुडालेलं असतं. मावशीचा मृग हिवाळ्यातला, दिसणारा. तो उगवतो तेव्हा त्रिकांडाचे तीन तारे एकावर एक उभे असतात. तीच रेघ खाली ओढली की व्याध, वर ओढली की रोहिणी. प्रजापतीची गोष्ट, व्याधानं मारलेला बाण, सगळं तिला पाठ आहे. पण तिनं अख्ख्या जन्मात त्या हरणाभोवती लाल कमान कधी पाहिली नव्हती. मग तिनं विचारू नये तर काय करावं?

मीही पाहिलेली नाही. हे त्या दिवशी म्हणायला हवं होतं असं नाही, पण खरं तेच आहे. महूच्या पुढं, जामगेटच्या अलीकडे माझ्या एका मैत्रिणीच्या सासरचं शेत आहे. तिथून जरा पुढं गेलं की माळव्याचं पठार एकदम संपतं आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. त्यामुळे दक्षिणेचं आकाश बऱ्यापैकी काळं मिळतं. अमावास्येच्या आगेमागे, पुतण्या मंदार मोकळा असेल तर आम्ही तिथं जातो. एकटी बाई कॅमेरा घेऊन रात्रभर शेतात उभी राहणार, हे घरी कुणाला पटणारं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. मंदार गाडीत कानात इअरफोन घालून झोपतो. मी बाहेर. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, मोबाइल बघितला की परत पहिल्यापासून. सरावले की त्रिकांडाखाली मृगाचा तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग, दिसतो. राखाडी, किंचित हिरवट, फुंकर मारलेल्या काचेवर वाफ धरावी तसा. बस. लाल काही नाही, कमान तर नाहीच.

याला कारण आपले डोळे. काळोखात ज्या पेशींच्या जोरावर आपण पाहतो त्या लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या असतात. त्यांना सगळ्यात चांगलं दिसतं ते 500 नॅनोमीटरच्या आसपासचं, म्हणजे निळसर हिरवं. रंग ओळखणाऱ्या दुसऱ्या पेशींना भरपूर उजेड लागतो आणि इतक्या फिकट गोष्टीपुढं त्या गप्पच बसतात. तेजोमेघातला आणि त्या कमानीतला हायड्रोजन मात्र ठाम 656.3 नॅनोमीटरवर उजळतो, खोल लाल. म्हणजे तिथून जो रंग निघतो नेमक्या त्याच रंगाचं दार आपल्याकडे रात्री बंद. मृगाच्या तेजोमेघाचा प्रकाश सुमारे 1,300 वर्षं चालत येतो आणि शेवटच्या टप्प्यावर, माझ्या डोळ्यात, त्याचा लाल रंग हरवतो.

गंमत म्हणजे बाजारातला कॅमेराही फार वेगळं वागत नाही. सेन्सरला खोल लाल आणि त्याच्याही पलीकडचं अवरक्त चांगलं दिसतं. पण माणसांचे चेहरे माणसांना दिसतात तसेच यावेत म्हणून कंपन्या सेन्सरपुढं एक निळसर काच बसवतात. ती काच हायड्रोजनचा तो लाल प्रकाश जेमतेम पाव हिस्सा आत सोडते. कॅनननं 2005 मध्ये 20डीए, 2012 मध्ये 60डीए आणि 2019 मध्ये आरए, निकॉननं 2015 मध्ये डी810ए असे खास आकाशासाठी कॅमेरे काढले, पण ते आपल्या खिशाला परवडणारे नव्हते. मी एक जुना कॅनन सेकंडहँड घेतला आणि ती काच बदलून घेतली. ज्यानं हे काम केलं तो कारागीर आधी तयारच होईना. "मॅडम, चांगला चालू कॅमेरा का खराब करता?" म्हणाला. मी टेबलाच्या या बाजूला बसून पाहत होते. बारीक स्क्रू त्यानं एका चुंबकाच्या पट्टीवर उघडायच्या क्रमानं लावले होते, तोंडाला मास्क बांधला होता, आणि ती नखाएवढी निळी काच चिमट्यात धरून त्यानं दिव्यासमोर उचलली तेव्हा क्षणभर त्याच्या गालावर निळा डाग पडला. आता तो कॅमेरा घरच्या कामाचा राहिलेला नाही. भाचीच्या मुलाच्या मुंजीत चुकून तोच नेला होता. बटू, भटजी, मातृभोजनाची ताटं, सगळं गुलालात बुडवून काढल्यासारखं आलं. व्हाइट बॅलन्स बदलून बरंचसं सुधारता येतं, पण घरात तो विषय अजून निघतो. आकाशातला लाल खरा दाखवायचा तर माणसांचे चेहरे खोटे येतात, दोन्ही एकदम जमत नाही.

शेतात पोचल्यावर पहिलं काम ध्रुवताऱ्याचं. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात, तासाला 15 अंश. 50 एमएमच्या लेन्सनं नुसत्या ट्रायपॉडवर फोटो काढला तर पाच-सात सेकंदांतच ताऱ्यांच्या रेघा व्हायला लागतात. म्हणून कॅमेऱ्याखाली ट्रॅकर लागतो. वीट-दीड वीट मावेल एवढी पेटी, जिचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर लावला की ती ताऱ्यांच्या चालीनं कॅमेरा फिरवत राहते. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून साडेबावीस अंशांच्या आसपास, म्हणजे तसा खालीच. त्या शेतातून उत्तरेला महू, पिथमपूर, इंदूर. ध्रुव नेमका त्या पिवळट धुरकट उजेडात अडकलेला असतो, आणि मातीत गुडघे टेकून, मान वाकडी करून त्याला बारक्या दुर्बिणीत पकडावं लागतं. गुडघ्यांना गार काळी माती लागते ती घरी येईपर्यंत निघत नाही. उज्जैनच्या वेधशाळेत शाळेची सहल गेली होती तेव्हा सम्राट यंत्राच्या, म्हणजे तिथल्या सूर्यघड्याळाच्या, त्या तिरक्या भिंतीवर चढायला मिळावं म्हणून आम्ही मुलींनी केवढा दंगा केला होता. जयसिंहानं अठराव्या शतकात बांधलेलं आणि 1923 साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवून घेतलेलं ते यंत्र. त्या भिंतीची वरची कड पृथ्वीच्या आसालाच समांतर आहे. माझ्या ट्रॅकरचा कोन लावताना मला हटकून ती भिंत आठवते.

आणि बर्नार्ड आठवतो. ती लाल कमान ज्याच्या नावानं ओळखली जाते तो एडवर्ड एमर्सन बर्नार्ड. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये 1857 मध्ये जन्मला, घरात कमालीची गरिबी, शाळा जवळजवळ नाहीच. नऊ वर्षांचा होता होता एका फोटो स्टुडिओत कामाला लागला. तेव्हा फोटो मोठे करायला सूर्यप्रकाश वापरत, आणि गच्चीवरचं ते अवजड यंत्र दिवसभर सूर्याच्या दिशेनं हळूहळू फिरवत राहायचं, एवढंच या पोराचं काम. माझ्या पेटीतली मोटर जे करते ते तो हातानं करत होता. पुढं हाच मुलगा कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत गेला, आणि ऑक्टोबर 1894 मध्ये तिथल्या अजस्र दुर्बिणी बाजूला ठेवून त्यानं जादूच्या कंदिलाचं, म्हणजे पडद्यावर चित्रं पाडणाऱ्या जुन्या दिव्याचं, दीड इंची भिंग कॅमेऱ्याला लावलं आणि मृगाकडे रोखलं. मोठ्या दुर्बिणीत आकाशाचा चिमूटभर तुकडा दिसतो. ही कमान दहा-बारा अंशांहून मोठी, ती तिथं मावतच नाही. तिला पाहायला साधं, लहान, रुंद नजरेचं भिंगच लागतं. लोक मला विचारतात की दुर्बीण का घेत नाही, तेव्हा मी हे सांगते. अर्थात दुर्बीण महाग असते हेही एक कारण आहेच.

एकदा का सगळं जुळलं की करायला काही उरत नाही. 60 सेकंदांचा एक फोटो, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. दर मिनिटाला आरसा उचलल्याचा तो खटका. डिसेंबरात गव्हाला पाणी चालू असतं, आणि शेताची लाईट रात्रीची असली की लांब कुठंतरी पंप घरघरत असतो, बॅटरी घेऊन कुणीतरी बांधावरून पाणी वळवत असतं. त्या ओलाव्यानं दव असं पडतं की लेन्सला गरम पट्टा गुंडाळला नाही तर अर्ध्या तासात सगळे तारे कापसाचे होतात. मेथीचे पराठे, थर्मासमधला चहा. शेताचे चौकीदार काका शेकोटीजवळून उठून एखादी चक्कर मारतात. "बाईसाब, इत्ती ठंड में फोटू? और फोटू में आदमी एक भी नहीं?" असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं. नंतर त्यांना स्क्रीनवर तेजोमेघ दाखवला तर बराच वेळ बघून म्हणाले, पंप बंद करून येतो. 

2023 च्या डिसेंबरात अमावास्या आणि जेमिनिड उल्कांचा वर्षाव लागोपाठच आले, असं क्वचित जुळतं. त्या रात्री पुनर्वसूकडून सुटणाऱ्या उल्का मी मोजायचा प्रयत्नही केला नाही. त्यातली एक मात्र लक्षात राहिली. मध्यरात्रीच्या सुमारास, मृग अगदी माथ्याजवळ आलेला, आणि काक्षी हा मृगाचा तांबडा तारा आणि त्रिकांड यांच्या मधून एक ठसठशीत उल्का गेली. आधी पांढरी, मग शेवटाला हिरवी झाक, आणि विझल्यावरही दोन-तीन क्षण तिची रेघ तशीच. कॅमेरा तेव्हा नेमका तिकडेच पाहत होता, आरसा वर होता. मी अंधारात मोठ्यानं 'आली, आली' ओरडले. मंदार दचकून दार उघडून बाहेर आला, त्याला वाटलं साप आला.

पहाटेकडे अंधाराचे फोटो काढायचे. लेन्सला झाकण लावायचं आणि तेवढेच 60 सेकंद, तितक्याच थंडीत, कॅमेऱ्याला नुसता काळोख टिपू द्यायचा. सेन्सर स्वतःच्या ऊबेनं काही ठिपके उगाचच उजळवतो. झाकण लावल्यावरही जे दिसतं ते आकाशाचं नसणार, कॅमेऱ्याचंच, म्हणून ते नंतर वजा करता येतं. मग उजाडायला लागलं की लेन्सवर सासऱ्यांचं एक जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर दुपदरी ताणून धरायचं आणि सारख्या पसरलेल्या पांढऱ्या उजेडाचे फोटो घ्यायचे. त्यात लेन्सच्या कोपऱ्यांचा अंधार आणि सेन्सरवरची धूळ उमटते, आणि त्या फोटोंनी भागलं की मूळ फोटोतून ते दोष जातात. मैत्रिणीच्या जावेनं एकदा मला तसं धोतर धरून पूर्वेकडे तोंड करून उभं पाहिलं आणि हात जोडले. तिला वाटलं अर्घ्य चाललंय. मीही काही बोलले नाही, पडद्याआडून तिच्याकडे बघून हसले फक्त.

परतताना महू ओलांडलं की समोर इंदूरचा उजेड चढत येतो. 'शब-ए-मालवा' म्हणून ज्या रात्रींचं कौतुक झालं त्या याच मुलखातल्या, असं मनात येतं, आणि मग लगेच असंही येतं की मीच परवा रात्री अकराला सराफ्यात उभी होते. सोनारांची दुकानं मिटल्यावर त्यांच्याच ओट्यांसमोर पेटलेले दिवे, कढईतून निघणारी गराडूची वाफ, भुट्ट्याचा कीस, रबडी, माणसांचा लोंढा. तो उजेड मला आवडतो. तो नको म्हणणारी मी कोण? चीड येते ती रिकाम्या प्लॉटवर, कुणाचंच काही नसलेल्या ठिकाणी, वर तोंड करून जळणाऱ्या पांढऱ्या फ्लडलाइटची. पूर्वीचे पिवळे सोडियम दिवे मुख्यतः 589 नॅनोमीटरच्या आसपास पिवळे असायचे, फिल्टरनं त्यांना बरंचसं अडवता यायचं. पांढरे एलईडी सगळ्या रंगांत सांडतात, त्यांना वेगळं काढायचं कसं? स्वच्छतेत पहिला नंबर काढणाऱ्या गावाला रात्रीचं आकाशही झाडून पुसून ठेवावंसं वाटेल का, असा एक बाळबोध विचार येतो. तोवर कचऱ्याच्या गाडीचं गाणं सुरू झालेलं असतं आणि आम्ही घरी पोचलेलो असतो.

खरी भानगड घरी, कम्प्युटरवर. एकेक फोटो पाहिला तर निराशाच होते. तपकिरी, खरखरीत, त्रिकांडाखाली एक गुलाबी ठिपका. ते शे-दीडशे फोटो ताऱ्यांवर तारे बसवून एकावर एक रचायचे. खरखर दर फोटोत वेगळ्या जागी असते, तारे आणि तेजोमेघ त्याच जागी, त्यामुळे रचत गेलं की खरखर बसत जाते. हिशेब मात्र कंजूष आहे. चौपट फोटो घेतले की खरखर निम्मी होते, त्याच्या निम्मी हवी तर आणखी चौपट. एवढं करून जो फोटो तयार होतो तो उघडला तर काळाकुट्ट. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा सगळी रात्र फुकट गेली असं वाटलं होतं. सगळा माल त्या काळेपणाच्या तळाशी असतो, आणि तो ताणून वर आणावा लागतो. सीरिल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक पट्टी सरकवायची. थोडी सरकली की मृगाचा तेजोमेघ पंख पसरतो. आणखी थोडी, की त्रिकांडाच्या डावीकडच्या ताऱ्यापाशी ज्वालेसारखा मेघ आणि त्याखाली अश्वमुखाचा काळा खाचा दिसतो. आणखी, की काक्षीच्या खालून निघून राजन्य या निळसर ताऱ्याच्या दिशेनं वळत गेलेली ती कमान. मी पट्टी सरकवते आणि ती येते. मागे घेते, ती जाते.

मावशीचा प्रश्न इथं बसलेला आहे.

कमान तिथं आहे यात मला तिळमात्र शंका नाही. बर्नार्डच्या काचेच्या फोटो-प्लेटवर ती आली, माझ्या सेन्सरवर आली, उद्या दुसऱ्या कुणी काढली तरी त्याच जागी, त्याच वळणानं येईल. पण ती किती लाल, किती ठळक, काळ्या आकाशातून कितपत वर आणायची, हे मी रात्रीच्या जेवणानंतर खुर्चीत बसून ठरवलं. त्या प्रिंटमध्ये मी लाल जरा आवरलेलाच होता. इंटरनेटवर मृगाचे जे फोटो फिरतात त्यांत बरेच जण लाल असा ओततात की शिमगा झालेला असतो. शिवाय हल्ली खरखर काढणारी, तारे पुसून टाकणारी, तपशील 'सुधारणारी' सॉफ्टवेअरं आली आहेत. ती आपण टिपलेल्या प्रकाशात नसलेले धागेदोरेही बेमालूम भरतात. मी ती वापरून पाहिली आणि बंद केली. फोटो सुंदर झाला होता. कुठवर कॅमेऱ्याचं आणि कुठून सॉफ्टवेअरचं, हे मात्र मला सांगता येईना.

पण मला जास्त टोचलं ते वेगळंच. फोटो रचताना सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूसाठी सगळ्या फोटोंतल्या किमती पाहतं, आणि एखाद्या फोटोत तिथं भलतंच काही चमकलेलं असेल तर तेवढं फेकून देतं. विमानांचे दिवे, उपग्रहांच्या रेघा (2019 पासून स्टारलिंकनं तर आकाशात रांगा लावल्यात) सगळं यानं जातं, आणि जावं म्हणूनच ते करतात. सुपात धान्य पाखडताना जड ते खाली राहावं आणि हलकं उडून जावं, तसं. त्या पाखडण्यात माझी उल्काही गेली. ती एकाच फोटोत होती ना. जी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, जिच्यासाठी ओरडले, ती त्या बारा बाय अठराच्या प्रिंटमध्ये कुठंही नाही. आणि जी कमान मी कधीच पाहिलेली नाही, मावशीनं पाहिलेली नाही, जी पाहणारा डोळाच आपल्याला नाही, ती मधोमध झळकते आहे.

मृगाच्या तेजोमेघाचा पहिला फोटो हेन्री ड्रेपर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरानं 30 सप्टेंबर 1880 रोजी काढला, 51 मिनिटांचं एक्स्पोजर देऊन. दीड वर्षानं त्यानंच 137 मिनिटांचं दिलं. 1883 मध्ये इंग्लंडच्या अँड्र्यू कॉमननं काढलेल्या फोटोत तर दुर्बिणीतून डोळ्याला कधीच न दिसलेले तारे उमटले. तोवर चित्रं हातानं काढायचे आणि प्रत्येकाचा तेजोमेघ वेगळा यायचा, म्हणून प्लेट आली तेव्हा केवढा सुटकेचा श्वास टाकला असेल लोकांनी. पण काचेच्या प्लेटवरचा प्रत्येक डागही आकाशातलाच असतो असं थोडंच आहे. हार्वर्डला विल्यमिना फ्लेमिंग नावाची बाई होती. संचालक पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण म्हणून आलेली, मग वेधशाळेत प्लेटा तपासायला बसवलेली. 1888 मधल्या एका प्लेटवर त्रिकांडाच्या एका ताऱ्याच्या दक्षिणेला, धूसर पट्ट्यात, तिला एक अर्धगोल खाच दिसली. तिनं ती मोजली, नोंदली. तोच अश्वमुख तेजोमेघ. पुढं तेजोमेघांची सूची छापली गेली तेव्हा नाव लागलं पिकरिंगचं. तिनं आकाशातला अश्वमुख डोळ्यांनी कधी पाहिला नसणार, तो तसा दिसतच नाही. तिच्यापुढं होती एक काच, काळ्या ठिपक्यांनी भरलेली, आणि त्यातलं काय तिथलं आणि काय काचेवरचं हे ठरवणं हेच तिचं रोजचं काम.

मावशीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. एका दमात नाही, दोन-तीन दुपारी मिळून, कारण मधेच तिचा कुकर व्हायचा. डोळ्याचं तिला लगेच पटलं. "रात्री तांबडं पातळ काळं दिसतं, ते माहितीये मला," म्हणाली. पट्टी सरकवण्याचंही तिला फारसं वाईट वाटलं नाही. रांगोळीत रंग किती भरायचा तेही आपणच ठरवतो, असं काहीतरी पुटपुटली. उल्केपाशी मात्र अडली.

"तू बघितलीस ना?"

"बघितली."

"मग ती का काढलीस?"

मी काढली नाही, सॉफ्टवेअरनं काढली, असं सांगायला गेले तर म्हणाली, "तेच ते. मला ती हवी."

तो एक फोटो शोधून काढला. तोच, 60 सेकंदांचा, न रचलेला, न ताणलेला. तपकिरी आकाश, खरखर, कोपरे काळवंडलेले, कमानीचा मागमूस नाही, त्रिकांडाखाली गुलाबी ठिपका आणि काक्षीच्या खालून तिरकी गेलेली ती पांढरी रेघ, शेवटाला किंचित हिरवी. मंदार म्हणाला, "काकू, हा कोण प्रिंट करतं?" व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर मावशीच्या फोनवर तो नुसता मळका दिसला असता, आणि तिला कागद लागतो, खिडकीशी नेऊन आडवाउभा करायला. म्हणून पेनड्राइव्ह घेऊन नेहमीच्या फोटो लॅबमध्ये दिला, सहा बाय नऊ, उद्या नेते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाकीट उघडलं तर फोटो चांगलाच उजळ झालेला. आकाश स्वच्छ काळं, तारे टपोरे. काक्षीच्या खाली काहीच नाही. मी दोनदा चष्मा वरखाली करून पाहिलं. काउंटरवरचा मुलगा माझ्याकडेच पाहत होता, खूश होता.

"मॅडम, बीच में एक लंबा स्क्रॅच आ रिया था," तो म्हणाला, "वो मैंने क्लीन कर दिया. उसका अलग से कुछ नहीं लिया."

मी त्याच्याकडून एक स्टूल मागून घेतलं, त्याच्या कम्प्युटरशेजारी बसले आणि पेनड्राइव्ह परत लावायला सांगितला.